सगळं बदलू नकोस, अडलंय कुठे ते बघ

अगं, कर्जाच्या कागदांवर सही करायच्या आधी माझं थोडं ऐकून घे. दळणासाठी नवा पल्व्हरायझर, नवी पाकिटं, नवा लोगो, इन्स्टाग्रामवर पान, शिवाय पहाटे साडेचारला उठायचं, साखर सोडायची आणि लेकीचा अभ्यास रोज स्वतः घ्यायचा, हे सगळं येत्या पाडव्यापासून एका दमात सुरू करायचं तू ठरवलं आहेस. तुझ्या जिद्दीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्या तीन पदार्थांवर तू साताऱ्यात घरबसल्या जे उभं केलंस, त्याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणूनच काळजीही वाटते. बचत गटांचे हिशेब बघता बघता मी कितीतरी बायका अशा पाहिल्या, ज्यांनी सगळं एकदम बदलायला घेतलं. काही आठवडे घर दणाणून जातं, मग एक एक गोष्ट सुटत जाते आणि शेवटी बाई स्वतःलाच दोष देत बसते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

मला इतक्या वर्षांत एक कळलं आहे. कुठलंही काम, मग ते घरातलं असो की धंद्यातलं, कुठल्यातरी एका जागी अडलेलं असतं. ती जागा सापडली तर तिथे केलेला इवलासा बदलही सगळं काम पुढे ढकलतो. ती सापडली नाही तर बाकी दहा ठिकाणी कितीही राबलीस तरी हाताला फार लागत नाही.

लिज्जत पापडाची गोष्ट तू शाळेपासून ऐकली आहेस. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये. हे सगळेच सांगतात. त्यातला एक तुकडा मात्र गाळला जातो आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळा लागला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. विचार कर, नुकता सुरू झालेला धंदा आणि वर्षातले चार महिने माल नाही. दुकानदार चार महिने थांबत नाही, तो दुसऱ्याचे पापड ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला त्याच पापडांची सवय लागते. पुढच्या वर्षी त्या बायकांनी काय केलं? एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्याचे चार महिने परत मिळाले.

यात मला काय दिसतं, सांगू? त्यांचे हात लाटण्यात कमी नव्हते. चवही कमी नव्हती. त्यांनी आणखी दहा बायका जोडल्या असत्या, आणखी दुकानं धरली असती, तरी आषाढात ते सगळं बसून राहिलं असतं, कारण अख्खा धंदा उन्हाला बांधलेला होता. त्यांनी नेमकी तीच गाठ सोडवली, आणि तीही घरात मिळतील अशा वस्तूंनी. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त बहिणी काम करतात. हे सगळं त्या एका खाटेनं घडवलं असं मी म्हणणार नाही. पीठ घरी नेऊन लाटायची सोय, वेळेवर हातात पडणारी मजुरी, मालाच्या दर्जावर कडक नजर, हे सगळं त्यामागे आहे. पण पावसाळ्यापुढे हात टेकले असते तर बाकीचं करायला संधीच उरली नसती.

आता तुझ्या भाजणीकडे ये. तू पल्व्हरायझर घ्यायचं म्हणतेस, कारण गिरणीत नंबर लागायला वेळ जातो. बरोबर आहे, जातो. पण मला खरं सांग, आठवड्यात गिरणीत जातो किती वेळ? आणि धान्यं धुऊन, सावलीत वाळवून, ज्वारी वेगळी, बाजरी वेगळी, तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, धणे-जिरे वेगळे असं मंद आचेवर खमंग भाजण्यात जातो किती? मी तुझ्याकडे चार दिवस राहिले तेव्हा पाहिलं, तुझी सबंध दुपार कढईपाशी जाते. दळायचं यंत्र घरात आणलंस तरी कढई एकच, शेगडी एकच आणि हातही तुझेच. यंत्र दिवसभर भाजलेल्या धान्याची वाट बघत उभं राहील आणि हप्ता मात्र दर महिन्याला कापला जाईल. त्यापेक्षा दुसरी जाड बुडाची रुंद कढई आण, दोन बर्नरची मोठी शेगडी घे, आणि समोरच्या काकूंना दुपारचे दोन तास मजुरी देऊन भाजायला बसव. त्यांना कामाची गरज आहे आणि आच कुठे मंद करायची हे त्यांना तुझ्याइतकंच कळतं. एवढ्यानं तुझा माल दुप्पट निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. मग गिरणी खरोखरच कमी पडायला लागली, तर तेव्हा यंत्राचा विचार कर.

इलियाहू गोल्डरॅट नावाचे एक इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ होते. कारखान्यात काम का तुंबतं हे सांगायला त्यांनी १९८४ साली चक्क एक कादंबरी लिहिली, ‘द गोल’. त्यात मुलांची एक टोळी रानातून पायी निघालेली असते. सगळ्यात सावकाश चालणारा मुलगा हर्बी मागे पडत जातो आणि पुढचे कितीही भरभर चालले तरी सगळी टोळी मुक्कामाला पोचते ती हर्बीच्याच वेळेला. मग त्याला ओळीत सगळ्यांच्या पुढे आणतात. त्याची पाठपिशवी उघडून बघतात तर ती जड सामानानं खच्चून भरलेली. ते सामान सगळ्यांत वाटून दिल्यावर हर्बीचा वेग वाढतो आणि त्याच्याबरोबर सगळ्या टोळीचाही.

मला तुला हे जपून सांगायचं आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या घरातली आणि तुझ्या धंद्यातली हर्बी तू आहेस. तू सावकाश आहेस म्हणून नाही, तुझ्या पाठीवर सगळ्यांचं सामान आहे म्हणून. ऑर्डरचा मेसेज तू बघतेस, माल तू आणतेस, भाजतेस तू, पाकिटं तू भरतेस, पोचवायला तूच जातेस. त्यात सासूबाईंच्या गोळ्या, लेकीचा डबा, गॅसचा नंबर लावणं, सोसायटीची बैठक. अशा बाईनं पहाटे साडेचारला उठायचं ठरवणं म्हणजे भरलेल्या पिशवीत आणखी एक दगड. तुला उठायची वेळ बदलायची गरज नाही. पिशवीतून एक वस्तू काढून दुसऱ्याच्या हातात देण्याची आहे. भाऊजींना एकच काम सोपव, पण पूर्ण सोपव. माल पोचवणं म्हण. संध्याकाळी ऑफिसातून येताना दुकानं त्यांच्या वाटेवरच आहेत. ‘जमलं तर न्याल का’ असं विचारू नकोस. मंगळवार आणि शुक्रवार तुमचे, असं सांग. आणि मग मागे उभी राहून पाकिटं मोजू नकोस. आपण बायका काम देतो आणि डोकं मात्र त्याच कामात अडकवून ठेवतो, मग ओझं हललं कुठे?

आता एक वेगळी गोष्ट, आणि ही माझ्या फार जवळची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीला गेले आणि तिथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्या भागात लहान मुलं मोठ्या संख्येनं न्यूमोनियानं दगावत होती. औषध महाग नव्हतं. गावागावात दाया होत्या, आरोग्य कार्यकर्ते होते. मग अडलं कुठे होतं? मोजण्यापाशी. न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे मूल मिनिटाला किती श्वास घेतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा साठ, त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास, याच्या वर गेलं की धोका. पण शाळेची पायरी न चढलेल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी एक साधं उपकरण बनवलं, एका मिनिटाची वाळूची घडी आणि जोडीला मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजणं कुठल्याही दाईला येतं! १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

पुढे १९९५पासून त्यांनी नवजात बाळांसाठी हेच केलं. दवाखाना लांब, आणि बाळंतिणीनं आणि बाळानं घराबाहेर पडायचं नाही ही रीत. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवून तिलाच बाळापर्यंत पाठवायचं. वजन करायचं, ऊब राखायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ साली आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला बघतात ना, त्या कामाची एक मुळी गडचिरोलीत आहे.

हे तुला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. मणी सरकवणं लहान वाटतं, पण त्या मण्यांमागे वर्षानुवर्षांचं काम होतं. लोकांत राहणं, त्यांची भाषा ऐकणं, दाईला हसण्याऐवजी तिला काय येतं ते विचारणं, औषध वेळेवर गावात पोचवणं. नुसते मणी वाटले असते तर एकही मूल वाचलं नसतं. म्हणून ‘एक छोटी सवय लावा आणि आयुष्य पालटा’ असं कुणी मोबाइलवर सांगायला लागलं की माझा जीव वर-खाली होतो. छोटा बदल मोठं फळ देतो तो तयार जमिनीत. तुझी जमीन तयार आहे गं. तुझ्या हाताला चव आहे, तुझी गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा येतात, तू शब्दाची पक्की आहेस. म्हणून तर मी एवढ्या हक्कानं सांगते आहे.

आता हिशेबाची वही काढ. अर्ध्या किलोचं भाजणीचं पाकीट तू १४० रुपयांना देतेस. तू म्हणतेस पाकिटामागे ५० सुटतात. माल ६० चा, आणि गॅस, दळण, पाकीट, पोचवणं मिळून ३०. मग उरले ५०. आणि तुझी दुपार? ती कुठे लिहिली आहेस? वहीत एक ओळ वाढव, ‘माझी मजुरी’. पाकिटामागे ३० रुपये धर. मग खरा नफा २० रुपये. ही एक ओळ मी ज्या ज्या बाईच्या वहीत लिहायला लावली, तिचं दर सांगतानाचं बोलणंच बदललं. आवाज खाली जात नाही मग.

आता बघ. दिवाळीला तू पाकिटामागे १० रुपये सूट देतेस. १४० वर १० म्हणजे काय, फार नाही, असं वाटतं. पण ते १० रुपये मालातून जात नाहीत की गॅसमधून जात नाहीत, तुझ्या २० मधून जातात. नफा अर्धा झाला. आधी शंभर पाकिटांत जे २,००० मिळत होते ते मिळवायला आता दोनशे पाकिटं भाजावी लागणार. आता उलटं कर. दर १५० कर. नफा २० चा ३० झाला, दीडपट. समज, शंभरातली तेहतीस गिऱ्हाइकं रुसून गेली, तरी सदुसष्ट पाकिटांत तुला २,०१० रुपये मिळतात, आणि तेवढं भाजणं कमी. मला नाही वाटत तुझी तेहतीस गिऱ्हाइकं दहा रुपयांसाठी जातील. तुझ्या भाजणीचं थालीपीठ एकदा खाल्लेला माणूस दुसरीकडे जात नाही, हे मी बहीण म्हणून नाही, खाणारी म्हणून सांगते. दर वाढवायच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांना एक साधा निरोप पाठव, अमुक तारखेपासून नवा दर. कारणं देत बसू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस.

लहान गोष्टी वाईट बाजूनंही तशाच वाढतात, हेही ध्यानात ठेव. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक आकडा असतो ना, तेवढाच भरून मोकळं व्हायची सवय मी पाहिली आहे. महिना साडेतीन टक्के व्याज ऐकायला किती किरकोळ! पण १०,००० रुपये तसेच पडून राहिले तर वर्षाच्या शेवटी ते १५,००० च्या वर गेलेले असतात, दंड आणि कर वेगळेच. पाकिटांचा कच्चा माल कार्डावर घ्यायचा विचार तुझ्या मनात आहे, असं भाऊजींनी सांगितलं. घेतलास तर बिल पूर्ण भरायची खात्री असेल तेव्हाच घे, नाहीतर नको.

आणि पैसे तुझ्या नावावर ठेव. आपल्याच जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू केली, ती का, माहीत आहे? कष्टकरी बायकांना थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे होते, पण एवढ्याशा रकमेसाठी बँका दारात उभं करत नव्हत्या. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. मला त्याहून भावतं ते पुढचं. भाजी विकणारी बाई भरणा करायला बँकेत गेली तर तिचा तेवढा धंदा बुडतो, म्हणून बँकच तिच्या टोपलीपाशी जायला लागली. बाईला बचतीचं महत्त्व पटवून द्यावं लागलं नाही, ते तिला आधीच कळलेलं होतं. अडत होतं ते मधल्या चालण्यापाशी. तुझंही असंच आहे. धंद्याचे पैसे घरखर्चाच्या खात्यात येतात आणि तिथेच विरघळतात. वेगळं खातं उघड, क्यूआर कोड त्या खात्याचा लाव, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला तुझी मजुरी तुझ्या बचत खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव. मग दर महिन्याला मनाशी झगडावं लागत नाही.

हे सगळं एकदम करू नकोस, हे मी पुन्हा सांगते. आधी एक आठवडा काहीच बदलू नकोस, नुसतं बघ. ओट्याजवळ एक कागद लाव आणि काम कुठे थांबलं, कशासाठी थांबलं, एवढंच लिहीत जा. वाळत घातलेली डाळ ओली राहिली, पाकिटं संपली, पैसे आले नाहीत म्हणून माल आणला नाही, असं. आठवड्यानंतर एकच शब्द पुन्हा पुन्हा आलेला दिसेल. तिथे हात घाल. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशानं फरक पडला ते तुला कळणार नाही आणि निरुपयोगी गोष्टही तू उगाच ओढत राहशील. आणि एक अडचण सुटली की दुसरी वर येते, त्यानं घाबरू नकोस. भाजण्याचं सुटलं की पाकिटं भरण्याचं अडेल. ते चांगलंच लक्षण आहे.

मला विचारशील तर त्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा उधारी येईल. राजवाड्याजवळचा तो दुकानदार तुला साठ दिवसांनी पैसे देतो. तुझे १०,००० रुपये त्याच्याकडे अडकले तर वर्षात त्यांच्या सहा फेऱ्या होतात. पंधरा दिवसांनी मिळाले तर त्याच दहा हजारांच्या चोवीस फेऱ्या होऊ शकतात, अर्थात माल तेवढा खपला तर. तुझा खपतो आहे. म्हणजे ज्या पैशासाठी तू कर्ज काढायला निघालीस, त्यातला मोठा भाग तुझाच आहे, फक्त दुसऱ्याच्या गल्ल्यात आहे.

त्याच्याशी बोलायला जाशील तेव्हा गर्दीच्या वेळी जाऊ नकोस, दुपारी जा. मागची बाकी काढून भांडू नकोस, तो ती देईल. एवढंच म्हण, ‘काका, तुमच्याकडे माझा माल चांगला जातो, मला तो वेळेवर द्यायचा आहे. यापुढे नवा माल आणीन तेव्हा मागच्या मालाचे पैसे घेऊन जाईन.’ आणि मग गप्प बस. तो थोडा कुरकुरेल, एक महिना थांब म्हणेल. तू हसून म्हण, ‘मग या महिन्यात निम्मा माल ठेवते.’ तुझी भाजणी मागणारी गिऱ्हाइकं त्याच्या दुकानात येतात, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही नाही म्हणाला तर त्याचा माल थांबव, पोवई नाक्याकडच्या दोन दुकानांनी तुला विचारलंच होतं ना, त्यांना रोखीनं दे. बुधवारी जाशील का? जायच्या आधी मला फोन कर, आपण दोघी एकदा ते बोलणं म्हणून बघू.